बुडवायचे बिस्कीट वेगळे, विरघळायचे वेगळे

घरी बिस्किटे करायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, मैदा किती घ्यायचा? त्याच्या आधीचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बिस्कीट चहात बुडवून खायचे आहे, की चहाच्या घोटाबरोबर नुसते? दोन्हींचे प्रमाण वेगळे, भाजणे वेगळे. एकाच बिस्किटाकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेले की कपाच्या तळाशी लगदा आणि वर तुपाचा तवंग.

पुण्यात दोन्ही टोकांची उदाहरणे आयती मिळतात. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरच्या, १९५५पासून चालू असलेल्या कयानी बेकरीने श्रूजबेरी हे नाव इथे घरोघरी नेले. नाव इंग्लंडमधल्या एका गावाचे. तिकडच्या बिस्किटात लिंबाची साल, मनुका असे काही घालतात. पुण्यात रुळले ते सरळ लोण्याचे. ते चहात बुडवणे हा बिस्किटावर आणि चहावर, दोघांवरही अन्याय. दुसऱ्या टोकाला टोस्ट. आधी पाव भाजायचा, मग काप करून पुन्हा भाजून वाळवायचे. तो बुडवण्यासाठीच जन्माला आलेला.

फरक पडतो तो कशाने? भाजलेल्या बिस्किटात पिठाचे कण असतात, त्यांना धरून ठेवणारी साखर आणि तूप-लोणी असते, आणि मध्ये बारीक पोकळ्या असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा गरम चहा त्या पोकळ्यांतून वर चढतो. साखर विरघळते, लोणी वितळते, पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. ज्या बिस्किटाची सगळी मदार लोण्यावर, ते दोन सेकंदांत मान टाकते. ज्यात लोणी कमी, पिठाला थोडा चिवटपणा आणि आतपर्यंत वाळवण नीट झालेली, ते तग धरते.

आता मापे. वाटीने मोजू नका. तीच वाटी मैदा चाळून भरला तर १०० ग्रॅम, दाबून भरला तर १३०. बिस्किटात एवढ्या फरकाने सगळे फिरते. साधा डिजिटल वजनकाटा घ्या. बटर पेपर, साचे, ओव्हनचा थर्मामीटर हे सगळे रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत होते.

बुडवायच्या बिस्किटासाठी: कणीक (गव्हाचे पीठ) १५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, थिजलेले तूप ७५ ग्रॅम, बेकिंग पावडर १ सपाट चमचा (५ मिलीचा), मीठ पाव चमचा, दूध ५५ ते ६० मिली. वेलची किंवा सुंठ आवडीप्रमाणे. चहा अमृततुल्यसारखा गोड पीत असाल तर साखर ७० ग्रॅमवर आणा. त्याखाली नको, कारण साखरेने बिस्कीट कुरकुरीतही होते.

पीठ, बेकिंग पावडर, मीठ एकत्र चाळा. कणकेतला कोंडा चाळणीत राहिला तर तो परत त्यातच घाला. तूप घालून बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखे दिसेपर्यंत. मग साखर, मग दूध. दूध एकदम ओतू नका. कणीक किती पाणी पिते ते दळणावर अवलंबून असते आणि गिरणी बदलली की अंदाज चुकतो. गोळा पुरीच्या कणकेइतका घट्ट हवा. मळायचे नाही, पण तीन-चार वेळा दुमडून दाबायचे, कारण इथे थोडा ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा आणणारा घटक, हवाच आहे. तोच कपात बिस्कीट धरून ठेवतो. गोळा २० मिनिटे झाकून ठेवा, ४ मिलिमीटर जाडीचे लाटा, ६ सेंटिमीटरच्या वाटीने कापा. काट्याने आरपार टोचे मारा. ही भोके शोभेची नाहीत. त्यातून वाफ निघून जाते. टोचले नाही तर मध्यभागी पुरीसारखा फुगा धरतो आणि तो फुगा कपात आधी फुटतो. १७० अंशांवर १८ ते २० मिनिटे. मग ओव्हन ११० अंशांवर आणून आणखी १५ मिनिटे. साधारण तीस-बत्तीस बिस्किटे होतात.

ती शेवटची १५ मिनिटे बहुतेक जण गाळतात आणि मग बिस्कीट मधोमध मऊ राहिले म्हणून पिठाला दोष देतात. पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत रवा, मैदा, तूप, साखर घरून नेऊन बेकरीत द्यायची आणि पत्र्याच्या डब्यातून बिस्किटे भाजून आणायची पद्धत होती. ती बिस्किटे महिनाभर कुरकुरीत राहायची याला एक साधे कारण आहे. विटांच्या भट्टीत कडक आचेवर पाव निघतात, आणि भट्टी उतरायला लागली की बिस्किटांचे पत्रे आत जातात. आच हळूहळू कमी होत जाते आणि बिस्कीट रंग न चढता वाळते. घरच्या ओव्हनमध्ये ती उतरती आच आपल्यालाच बटण फिरवून आणावी लागते.

लोण्याच्या बिस्किटासाठी: मैदा २०० ग्रॅम, तांदळाचे बारीक पीठ २५ ग्रॅम, लोणी १५० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम. एवढेच. ना सोडा, ना बेकिंग पावडर, ना दूध. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतो, म्हणून चावताना बिस्कीट भुगभुगीत सुटते. अमूलचे पिवळे बटर वापरले तर १०० ग्रॅमचे दीड पाकीट. त्यात मीठ असते, वेगळे घालू नका.

लोण्याऐवजी तूप चालते, पण समान वजनाने नाही. बटरमध्ये स्निग्धांश सुमारे ८० टक्के, उरलेल्यात मुख्यतः पाणी. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. म्हणून १५० ग्रॅम बटरच्या जागी १२० ग्रॅम तूप आणि २० मिली दूध, शिवाय चिमूटभर मीठ. कात्रज, चितळे, घरचे, कोणतेही तूप चालेल, फक्त रवाळ आणि थिजलेले हवे. पातळ तुपात पीठ न्हाऊन निघते आणि बिस्कीट पत्र्यावर पसरून पापड होते. घरच्या सायीचे लोणी असेल तर ते बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, दाबून ताक पूर्ण काढा आणि मगच वजन करा. ताक राहिले की ग्लुटेन जागा होतो आणि बिस्कीट वातड. वनस्पती तुपाने (डालडा) बिस्कीट छान कोरडे होते, स्वस्तही पडते. पण ते जिभेवर मेणासारखे रेंगाळते. एवढी खटपट घरी करायची तर त्यात वनस्पती कशाला?

लोण्याचे तापमान हा या बिस्किटाचा कणा. १८ ते २० अंश हवे. बोटाने दाबले की खळगा पडावा, पण बोट चकचकीत होऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारी स्वयंपाकघर ३५च्या पुढे जाते, लोणी ओट्यावर ठेवता-ठेवता सुटते. त्या दिवसांत सकाळी सहा-सातला करा, नाहीतर करूच नका. डिसेंबरात उलट, फ्रीजमधले लोणी तासभर बाहेर ठेवले तरी दगड. किसणीवर किसून घ्या, पाच मिनिटांत कामाचे होते.

लोणी आणि चाळलेली पिठीसाखर लाकडी चमच्याने दोन-तीन मिनिटेच फेटा. केकसारखे पांढरे, हलके करू नका. जास्त हवा भरली की बिस्कीट आधी फुगते, मग बसते आणि पसरते. मैदा व तांदळाचे पीठ एकदम घाला, बोटांनी गोळा करा. मिश्रण भुगाच दिसते. तिथे घाबरून दुधाचा चमचा घालायचा नाही. मूठभर घेऊन आवळा. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटलेला लाडू तसाच राहिला आणि अंगठ्याने दाबल्यावर स्वच्छ दोन तुकडे झाले, की पीठ तयार आहे. तुकडे न होता नुसते चेपले गेले तर लोणी सुटले आहे. सगळे २० मिनिटे फ्रीजमध्ये. लगेच भुगा सांडला तर हातात आणखी दोन वेळा आवळा, हाताच्या उबेने जुळते.

लाटताना पोळपाटावर मैदा भुरभुरू नका, तो वर कोरडा थर धरतो. दुधाची पिशवी तीन बाजूंनी कापून, धुऊन, कोरडी करून तिच्या दोन पदरांमध्ये लाटा. जाडी ७ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवले की जाडी चुकत नाही. पिशवीसकट अर्धा तास फ्रीजमध्ये, मग ५ सेंटिमीटरच्या झाकणाने कापा. २८ ते ३० होतात. पत्र्याला तूप लावू नका, बटर पेपर घाला. तुपावर बिस्कीट घसरत पसरते. १६० अंशांवर १८ मिनिटांपासून लक्ष ठेवा. वरून जवळजवळ पांढरेच दिसते. एक बिस्कीट सुरीने उचलून खालची बाजू बघा. कडेला नखभर रुंदीची बदामी कड आणि मध्यभागी फिकट पिवळा, एवढे झाले की बाहेर. या वेळी ते मऊच लागते, हात लावला तर मोडते. पत्र्यावरच दहा मिनिटे राहू द्या, गार होताना लोणी आळते तसे घट्ट होते. मऊ आहे म्हणून परत आत ढकललेली बिस्किटे बाहेर येतात तेव्हा खालून काळपट असतात.

ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, आकड्यावर विश्वास ठेवू नका. बटणावर १६० आणि आत १८० ही नेहमीची गोष्ट, म्हणून थर्मामीटर. दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटे आधी तापवणे, पत्रा मधल्या खाचेत, एका वेळी एकच पत्रा. १६-१९ लिटरच्या लहान ओटीजीत रॉड फार जवळ येतात. तिथे १० अंश कमी ठेवा आणि दहाव्या मिनिटाला पत्रा फिरवा. काळा पत्रा खालून लवकर करपवतो, चकचकीत ॲल्युमिनियमचा बरा. पुण्यात गुरुवारी मात्र भाजायला बसताना विचार करा, दुरुस्तीच्या नावाखाली लाईट जाण्याचा हा वार. मध्येच गेलीच तर दार उघडू नका. निम्म्याहून जास्त भाजून झाली असतील तर आतल्या उष्णतेवर बरीचशी निभावते.

ओव्हन नसेल तर जाड कढईत दोन सेंटिमीटर मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवा, मग बारीक गॅसवर २० ते २२ मिनिटे. आच फक्त खालून, त्यामुळे वर रंग येत नाही. कणकेची बिस्किटे शेवटची पाच मिनिटे उलटता येतात. लोण्याची उलटायला गेलात तर भुगाच गोळा करावा लागेल, ती कढईत करू नयेत.

बिघडले तर कशाने बिघडले हे बिस्कीटच सांगते. पसरून कडा पातळ झाल्या तर पीठ गरम होते किंवा साखर दाणेदार राहिली. न विरघळलेली साखर ओव्हनमध्ये वितळते आणि पीठ बरोबर घेऊन वाहते. टणक झाले, दातांखाली ‘कट्’ आवाज येतो, तर मळणे जास्त झाले. वर भेगा आणि मध्ये कच्चे, म्हणजे आच जास्त होती. साबणासारखी चव आणि डागाळलेला तपकिरी रंग असेल तर बेकिंग पावडरच्या जागी तेवढाच खायचा सोडा पडला आहे. सोडा तिच्या तीन-चार पट जोरदार असतो आणि त्याला दही-ताकाचा आंबटपणा लागतो. बेकऱ्यांमध्ये खायचा अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेट) वापरतात, त्याने बिस्कीट हलके होते, पण जाड बिस्किटात त्याचा वास कोंडून राहतो. घरच्या लहान ओव्हनमध्ये नकोच, दार उघडताच डोळे चुरचुरतात.

डब्यात भरायची घाई नको. जाळीवर पूर्ण गार व्हायला पाऊण तास लागतो. कोमट भरली तर आतल्या आत वाफ धरून सादळतात. पावसाळ्यात तसेही दोन दिवसांत सादळतात. १२० अंशांवर ८ मिनिटे ठेवली की परत कुरकुरीत. लोण्याची आठवडाभरात संपवा, नंतर खवट वास येतो. कणकेची घट्ट डब्यात तीन आठवडे सहज राहतात. दोन्ही एका डब्यात ठेवू नका, वेलचीचा वास लोण्याच्या बिस्किटांना लागतो.

राहता राहिले बुडवणे. बिस्कीट कपात उभे बुडवले की दोन्ही बाजूंनी भिजते आणि ओल्या भागाला आधार उरत नाही. आडवे धरून फक्त खालची बाजू चहाला लावली तर वरचा कोरडा थर त्याला तोलून धरतो. कपाच्या तोंडात हे नीट जमत नाही, बशीत जमते. चहा बशीत ओता, कणकेचे बिस्कीट त्यावर आडवे टेकवा. कडेने बारीक बुडबुडे येतील, पोकळ्यांतली हवा बाहेर पडते आहे. ते थांबायच्या आत उचला.