उर्दूच्या ओळीतला फोन नंबर

"देवनागरी डावीकडून उजवीकडे, आपली मोडीसुद्धा तशीच. मग उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या उर्दूच्या दिशेची एवढी काळजी तुम्हाला कशाला?" मी इंदूरमध्ये वेबसाइटी करतो हे कळलं की गणपतीत भेटणारे पाहुणे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका मुशायऱ्याचं पान केलं. उर्दू मजकूर चिकटवला, पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसने उजवीकडे सरकवला. वाटलं, झालं काम. शीर्षकाच्या शेवटचं उद्गारचिन्ह ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसलं होतं. त्याहून वाईट फोन नंबर. इंग्रजी अंकांत आधी इंदूरचा कोड ०७३१, मग आडवी रेघ, मग पुढचे आकडे असं टाइप केलं होतं. पडद्यावर पुढचे आकडे आधी आणि ०७३१ शेवटी. लोक तसाच नंबर फिरवत राहिले. मला फार लागलं ते.

युनिकोड म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्यांसाठी वापरलं जाणारं मानक. त्याच्या नियमानं उर्दू अक्षरांमागून आलेले इंग्रजी अंक अरबी अंकांसारखे धरले जातात. मधली रेघ मग त्यांना जोडत नाही, आणि दोन्ही गट आपसांत जागा बदलतात. गटाच्या आतले आकडे सरळच राहतात, म्हणून चूक चटकन दिसत नाही. तोच नंबर देवनागरी अंकांत असता तर उलटला नसता, कारण हे अंक युनिकोड अक्षरांसारखेच पक्के डावीकडून उजवीकडचे मानतं.

उपाय एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, १९९७पासून आहे: 'डिर' हा अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे मजकुराभोवतीच्या खुणेत (टॅगमध्ये) लिहायची दिशेची सूचना. उर्दू परिच्छेदाला 'आरटीएल' (उजवीकडून डावीकडे), नंबरभोवतीच्या 'स्पॅन' टॅगला 'एलटीआर' (डावीकडून उजवीकडे). तो टॅगवरच लिहावा असं मी हट्टानं सांगतो. सीएसएस लोड झालं नाही तरी वाक्य नीट वाचता यायला हवं. पुढे एचटीएमएल५मध्ये 'ऑटो' आलं, आणि कुणाचं नाव कुठल्या लिपीत येईल ते माहीत नसेल तेव्हासाठी 'बीडीआय' टॅग. पण 'ऑटो' पहिल्या ठाम दिशेच्या अक्षरावरून दिशा ठरवतं. उर्दू ओळ रोमन लिपीतल्या 'इंदौर'ने सुरू झाली की फसलं.

मला उर्दू वाचता येत नाही. म्हणून असं पान तयार झालं की मोबाइल घेऊन ओळखीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे जातो. ते ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचतात, नंबरसुद्धा, आणि मी समोर कागद धरून एकेक आकडा ताडून पाहतो.