वादळ एका रात्रीत जवळपास दुप्पट झालं आणि आमचा घरीच थांबायचा प्लॅन बदलला

लिहायला उशीर झालाय खरा, पण सगळं अजून डोळ्यासमोर आहे आणि कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून लिहितेय. आमचं घर समुद्रापासून जेमतेम आठशे मीटरवर. तळमजला आणि वर एक मजला, घरात मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते.

आदल्या संध्याकाळी साडेपाचच्या बुलेटिनमध्ये वारा होता ताशी ६५ किमी, आणि दुसऱ्या दिवशी रात्री किनाऱ्याला धडकेल तेव्हा ९० पर्यंत जाईल असा अंदाज होता. आम्ही बसून ठरवलं की घरीच थांबायचं. मग लागलो कामाला, खिडक्यांना बाहेरून प्लायवूड ठोकलं (चिकटपट्टीच्या फुल्या मारून काही होत नाही, काच फुटायची ती फुटतेच, उलट मोठे तुकडे उडतात), कुंड्या, सायकल, कपड्यांचा स्टँड सगळं आत घेतलं, माणशी दिवसाला चार लिटर या हिशोबाने पाणी भरलं, टॉर्च, पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं झिपच्या पिशवीत. रात्री अकराला झोपलो तेव्हा खरंच वाटत होतं की तयारी पूर्ण झाली. आणि ९० च्या वाऱ्यासाठी ती पूर्ण होतीच.

पहाटे पुन्हा साडेपाचला फोन बघितला तर वारा १२०. मी दोनदा रिफ्रेश केलं. आणि धडकतानाचा अंदाज आता १५० चा. चोवीस तासांत वारा ताशी ५५ किमीने वाढला की त्याला रॅपिड इंटेन्सिफिकेशन म्हणतात, आमच्याकडे तेवढा तो बारा तासांतच वाढला होता. खाली समुद्राचं पाणी गरम असलं, २६-२७ अंशांच्या वर आणि तेही नुसतं वरवर नाही तर चांगलं खोलपर्यंत, आणि वरच्या हवेत वादळाला तोडणारे आडवे वारे नसले की असं होऊ शकतं. मार्ग सांगणं गेल्या काही वर्षांत खूप सुधारलंय पण ताकद अचानक किती वाढेल हे सांगणं अजून अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोत अकापुल्कोला ओटिस आलं ते असंच, साधारण एका दिवसात साध्या वादळाचं पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं झालं आणि मध्यरात्रीनंतर धडकलं, लोकांना हातात वेळच मिळाला नाही. ते मी तेव्हा वाचलं होतं आणि त्या पहाटे तेच आठवलं, त्यामुळे पुढच्या बुलेटिनची वाट बघूया असं मला वाटलं नाही.

नवरा मात्र नकाशा बघून म्हणाला, अगं पण रेघ तर आपल्यापासून चाळीस किमी लांब सरकलीये, चांगलंच आहे की. इथे मी आधी स्वतः पण चुकले असते. वादळाच्या मार्गाची ती रेघ डावीकडे सरकली होती, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे तोंड करून बघितलं तर आम्ही आता वादळाच्या उजव्या हाताला आलो होतो, आणि उत्तर गोलार्धात उजवी बाजूच सहसा जास्त वाईट असते, कारण वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, उजवीकडे फिरण्याचा वारा आणि वादळाची पुढे सरकण्याची गती एकत्र होतात आणि समुद्राचं पाणी सरळ किनाऱ्यावर ढकललं जातं. शिवाय नकाशावरचा तो पांढरा शंकू असतो ना, तो वादळाचा आकार नसतोच, वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं एवढंच तो दाखवतो, आणि केंद्र त्याच्या बाहेरूनही जाऊ शकतं. वारा आणि पाणी शंकूच्या बाहेर लांबपर्यंत पोचतात. हे सगळं मी त्याला कागदावर पेनने काढून दाखवलं, दोन मिनिटं तो कागदाकडे बघत राहिला आणि मग गाडीची किल्ली शोधायला उठला.

आईंना पटवणं अवघड गेलं. त्या म्हणाल्या, "अगं काल एवढं ठोकाठोक करून घेतलंत, मग आता जायचं कशाला?" मी त्यांना आकडे सांगितले, वारा ९० वरून १५० झाला की भिंतीवरचा दाब नुसता दीडपट नाही, जवळपास पावणेतीन पट होतो, काही उपयोग नाही. स्टॉर्म सर्ज येणार म्हणून सांगितलं, तरी त्या तशाच बसून. मग मी खाली बसले, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आई, समुद्र घरात येणार आहे." त्या लगेच म्हणाल्या, "मग असं सांग ना." नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपीन्सला हैयान आलं तेव्हा टॅक्लोबानमध्ये इशारा दिलेला होता, पण स्टॉर्म सर्ज म्हणजे नक्की काय हे कित्येकांना कळलंच नव्हतं, आणि त्या वादळात देशात ६,००० हून जास्त माणसं गेली. म्हणून मला मनापासून वाटतं की घरच्यांना हे आपल्या शब्दांतच सांगावं. स्टॉर्म सर्ज म्हणजे एकच मोठी लाट नसते, वारा तासन्‌तास पाणी रेटत राहतो आणि समुद्राची पातळीच वर चढते, त्यात भरतीची वेळ जुळली तर अजून वर. अमेरिकेत १९६३ ते २०१२ मधल्या चक्रीवादळांत वादळाने थेट जे मृत्यू झाले त्यातले दहापैकी साधारण नऊ पाण्याने होते. आम्ही आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाऱ्यासाठी केली होती.

जोराचा वारा दुपारी चारपासून सुरू होईल असं दिलं होतं, आणि एकदा ६० च्या वर गेला की पुलावरून गाडी नेणं धोक्याचं, म्हणून दहाच्या आत निघायचं ठरवलं. गॅसचा व्हॉल्व्ह बंद, मेन स्विच बंद, गाद्या, मिक्सर, लेकीची पुस्तकं जमेल तेवढं वर नेलं. दोन आठवड्यांची औषधं घेतली. आईंच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या राहिल्याच होत्या, दाराला कुलूप लावताना त्यांनीच आठवण केली, परत वर जाऊन आणल्या. ती डबी एवढीशी, अंगठ्याच्या नखाएवढ्या बॅटऱ्या, पण त्या नसत्या तर रात्रभर त्यांना कुणाचं काहीच ऐकू आलं नसतं.

शेजारचे काका एकटे असतात. त्यांना चला म्हटलं तर म्हणाले, "मागच्या वेळी माझं पाऊलसुद्धा ओलं झालं नाही." दोनदा सांगितलं, नवऱ्याने पण विनवलं, नाहीच आले. मग निदान एवढं तरी बोलून घेतलं की पाणी दिसलं की जिना चढा आणि खाली काही आणायला उतरू नका, आणि मध्येच वारा एकदम पडला तर वादळ संपलं समजून बाहेर येऊ नका, तो वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो. गाडीत बसल्यावर मी रडले. त्यांना सोडून जाणं मला जमत नव्हतं आणि लेकीला घेऊन थांबणंही शक्य नव्हतं.

साठ किमी आत मावसबहिणीच्या दुसऱ्या मजल्यावर रात्र काढली. मधल्या खोलीत, खिडकीपासून लांब, सगळे एकत्र. खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या की दाब सारखा होतो असं बहिणीचे मिस्टर म्हणत होते, ते तसं नसतं, उघड्या खिडकीतून वारा आत घुसून छप्पर उचलायला मदतच करतो, म्हणून सगळ्या घट्ट लावल्या. काकांचा फोन नऊ चाळीसला शेवटचा लागला. नंतर रात्रभर नाही.

तिसऱ्या दिवशी रस्ता खुला झाल्यावर परत गेलो. प्लायवूड जसंच्या तसं होतं, एक खिळा निघाला नव्हता, काच एकही फुटली नव्हती. आणि आत भिंतीवर माझ्या कंबरेच्या वर एक सरळ तपकिरी रेघ, पट्टीने मारावी तशी, चारही भिंतींवर एकाच उंचीला. पाणी दाराखालून आणि बाथरूमच्या जाळीतून आलं होतं. सॉकेटमध्ये वाळू. मेन स्विच चालू केला नाही, इलेक्ट्रिशियनने बघितल्यावरच केला, आणि काही उचलायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढले, इन्शुरन्सला तेच लागले. पलीकडच्या घरात जनरेटर आतच लावायला निघाले होते, नवऱ्याने पळत जाऊन बाहेर काढायला लावला, त्याच्या धुराला वास येवो न येवो, बंद घरात कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

काका वरच्या मजल्यावर होते, ठीक होते. जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी आलेलं, ते आठव्या-नवव्या पायरीवर टॉर्च घेऊन मोजत बसले होते. साडेअकराला वारा एकदम थांबला आणि आकाशात चांदण्या दिसायला लागल्या, तेव्हा ते गच्चीच्या दाराच्या कडीला हात लावून उभे राहिले होते, मग आमचं बोलणं आठवलं म्हणून उघडलं नाही. वीस मिनिटांनी तेच दार दुसऱ्या बाजूच्या वाऱ्याने बिजागरीसकट गेलं. हे सांगताना त्यांचा हात थरथरत होता, मी तो नुसता धरून बसले.

निघताना त्यांनी मला त्यांच्या लेकीचा नंबर लिहून दिला. म्हणाले, "पुढच्या वेळी मी नाही म्हणालो तर तू माझ्याशी वाद घालू नकोस, सरळ हिला लाव."