पाँटीचा पूल

पूल ओलांडतात, चढत नाहीत, असं मला वाटायचं. वेल्समधल्या पाँटिप्रिदचा जुना पूल मात्र अक्षरशः चढावा लागतो. मी मध्येच कठड्याला हात टेकून 'नदी बघायला' थांबले. भाची मोबाइलमध्ये डोकं घालून वर उभी. कार्डिफकरांना या दऱ्यांचं अप्रूप नाही. अर्ध्या तासावर तर आहेत.

हा पूल विल्यम एडवर्ड्स या गवंड्याचा. आधीचे पडले, कधी पुरानं, कधी स्वतःच्याच भारानं. बाजूंच्या दगडांचं ओझं इतकं, की मधली कमान वर उचलून फुटली. शेवटी 1756 मध्ये त्यानं दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल भोकं ठेवली, भार हलका झाला आणि 140 फुटांची एकच कमान आजतागायत उभी आहे. पण चढ असा, की घोडागाड्यांचे हाल. म्हणून 1857 मध्ये शेजारीच, अगदी खेटून, सपाट पूल घातला. आता एका बाजूनं जुना धड दिसतही नाही. सून आली की सासूचं होतं तसं.

खाली टॅफ. गावातच तिला ऱ्हाँदा मिळते. कोळशाच्या काळात हे पाणी काळंकुट्ट असायचं. ऱ्हाँदाच्या दरीतली शेवटची खाण, मार्डीची, 1990 मध्ये बंद झाली. आता तळाचे गोटे दिसतात. माझा हात आपसूक पर्समध्ये गेला. नगरला जाताना दौंड सुटलं की भीमेचा पूल, आणि आई तळहातावर पाच पैसे ठेवायची. खिडकीच्या गजांतून नेम धरायचा. माझं नाणं हमखास लोखंडी तुळईवर खण्णकन आपटायचं.

"मावशी, इथे नको हं," भाची म्हणाली. तिची नजर मोबाइलवरच.

याच गावच्या माळावर, डोलणाऱ्या शिळेपाशी, डॉ. विल्यम प्राइस कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून ड्रुइडांचे, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचे, विधी करायचा. मोजे वापरायचा नाही. वल्लीच. 1884 मध्ये जवळच्या लँट्रिसंटच्या टेकडीवर त्यानं आपल्या तान्ह्या मुलाला अग्नी दिला. लोक चवताळले, पोलिसांनी धरलं, कार्डिफला खटला चालला. इतरांना उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं गुन्हा नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि तो सुटला. दहनाचा रीतसर कायदा व्हायला पुढे 1902 उजाडलं.

भाचीच्या सासऱ्यांना गेल्या हिवाळ्यात कार्डिफलाच अग्नी दिला. कुणी कसली हरकत घेतली नाही.