तुम्ही विचारलेत म्हणून : प्लग लावण्याआधी मी सॉकेटला बल्ब का लावतो

डेन्व्हर परिसरातली आमची सात-आठ मराठी कुटुंबे दर उन्हाळ्यात पिकअप ट्रकमागे राहण्याचा ट्रेलर ओढत डोंगरात मुक्कामाला जातात, आणि निघण्याच्या सकाळी कोणी ना कोणी मला विचारतेच, "अहो, ट्रेलरचा प्लग ट्रकच्या सॉकेटला लावला की ट्रकमधल्या पडद्यावर 'ट्रेलर जोडला' असे येते, मागचे दिवेही लागतात, मग त्याआधी गुडघे टेकून सॉकेटला बल्ब लावत अर्धा तास कशाला घालवता?" आजवर मी "सवय आहे" एवढेच उत्तर देत आलो. ते उत्तर पुरते खरे नव्हते, आणि आता तेही देण्याचा कंटाळा आला आहे.

मी निष्काळजी माणूस नव्हतो, हे आधी सांगितले पाहिजे. सॉकेट आणि ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकना ट्रकमधून प्रवाह पाठवणारे यंत्र, मी पैसे मोजून जाणत्या माणसाकडून बसवून घेतले होते. २०१९ च्या जूनमध्ये घाटात ट्रेलरच्या ब्रेकनी दगा दिला, त्या सकाळीही मी मीटर घेऊन बसलो होतो. पत्नीने कंट्रोलरची लिव्हर, जिने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येतात, ती पूर्ण दाबली, मी सॉकेटमधल्या ब्रेकच्या पिनेला आणि ग्राउंडच्या, म्हणजे प्रवाह परत येण्याच्या, पिनेला मीटरची टोके लावली आणि जवळजवळ १२ व्होल्ट पाहून समाधानाने उठलो. मीटर खोटे बोलत नव्हते. पण मीटर स्वतः नगण्य प्रवाह घेते, त्यामुळे तारेतले चार धागे शिल्लक असले तरी ते १२ च दाखवते. ट्रेलरच्या चार चाकांतले ब्रेक लावणारे मॅग्नेट मात्र प्रत्येकी सुमारे ३, म्हणजे एकूण १२ अँपिअर मागतात. त्या चौघांचा मिळून रोध साधारण १ ओहम भरतो. गंजलेल्या जोडात तेवढाच आणखी १ ओहम आला, की मॅग्नेटांच्या वाट्याला निम्मेच व्होल्टेज येते. हे गणित मला तेव्हाही येत होते. ते मी त्या सॉकेटपाशी केले नाही, एवढेच.

वाटेत जॉर्जटाऊनला चहासाठी थांबलो तेव्हा धाकट्याने मागून हाक मारली, "बाबा, डावा इंडिकेटर लागला की सगळेच दिवे मंद होतात." ग्राउंड, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला 'अर्थ' म्हणतात, तो नीट मिळत नसल्याचे याहून स्पष्ट लक्षण नाही. मी प्लग काढून पुन्हा घट्ट बसवला, दिवे सुधारल्यासारखे वाटले, आणि आम्ही निघालो. त्या दहा मिनिटांबद्दल मी स्वतःशी अजून भांडतो.

पुढे लागणारा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे. पश्चिमेच्या तोंडातून बाहेर पडले की सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठ मैल नुसता उतार. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि मागून कोणीतरी गाडी ढकलत असल्यासारखे वाटले. मी लिव्हर दाबली. कंट्रोलरवरचा आकडा वर गेला, पडद्यावर 'ट्रेलर जोडला' तसेच होते, आणि ट्रेलर मात्र मागे ओढत नव्हता. वेग ६५ मैल. पुढच्या चाकांचा जळका वास आत येऊ लागला, पाय दाबावा तितका पेडल खाली जाऊ लागला. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बांधलेली खडीची चढण उजवीकडे आली आणि सहा हजार पौंडांचा ट्रेलर त्या खडीत घालायचा की नाही हे ठरवेपर्यंत मागे पडली. साताऱ्याकडच्या माझ्या मामांनी खंबाटकी घाटात आयुष्यभर ट्रक चालवला. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, हे त्यांचे वाक्य मला तेव्हा आठवले. मी पेडलवरून पाय काढला, गिअर दुसऱ्यावर खेचला, इंजिन किंचाळले. दुसरी खडीची चढण आली तेव्हा वेग ४० वर होता. गाडीत कोणीही बोलत नव्हते.

सिल्व्हरथॉर्नला उतरून आधी ट्रकची पुढची चाके पाहिली. त्यांतून धूर निघत होता. मग ट्रेलरच्या ब्रेकच्या ड्रमवर तळहात ठेवला. तो कोमट होता, इतका की हात सहज ठेवून राहता आले. आठ मैल घाट उतरून आलेला ड्रम.

सॉकेट मागून उघडले, तर ग्राउंडच्या पांढऱ्या तारेच्या जोडावर हिरवट भुकटी होती आणि जोड बोटाने हलवताच निखळला. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण फवारतात, आणि बंपरखाली लोंबणाऱ्या सॉकेटपर्यंत ते पोहोचतेच. असा ग्राउंड गेला की परतीचा प्रवाह हिचच्या गोळ्यातून, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या लोखंडी गोळ्यातून, वाट काढतो, म्हणून अंगणात सगळे ठीक दिसते. गोळ्यावर ग्रीस असते, ट्रेलर उसळला की तीही वाट तुटते. पडद्याला मात्र मॅग्नेटांपर्यंत कशीबशी वाट सापडली तरी पुरते.

तेव्हापासून मी लिव्हर दाबून सॉकेटला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावतो. तो साडेचार अँपिअर मागतो, आणि जोड कच्चा असेल तर पिवळा पडतो. आमच्यातले एक स्नेही म्हणतात, "२५ मैलांच्या वेगाने लिव्हर दाबून ट्रेलर एकटा ट्रकला धरतो का ते पाहा, बल्बची गरज काय?" ती चाचणी त्या सकाळी मी केली नव्हती हे खरे, आणि बल्ब ट्रेलरच्या आतले काहीच सांगत नाही हेही खरे. तरीही सपाट गल्लीत निम्मा ब्रेक पुरेसा वाटतो, असे मला वाटते. ते मानत नाहीत.

आणि ज्याने सॉकेट बसवला त्याला दोष देण्याचा हक्कही मी स्वतःच घालवून बसलो आहे. त्याच दुपारी ट्रेलरखाली शिरलो, तेव्हा ॲक्सलच्या नळीतून दुसऱ्या बाजूला जाणारी ब्रेकची तारही घासून उघडी पडलेली दिसली. मुलांना रात्रीपूर्वी मुक्कामी पोहोचवायचे होते, म्हणून मी काही न मोजता दोन्ही जोड कापले आणि नवे केले. दोष नेमका कोणत्या तारेचा होता, हे आता सांगता येत नाही. जुने सॉकेट गॅरेजमध्ये डब्यात आहे, पांढऱ्या तारेचा तुकडाही आहे. ॲक्सलमधली तार मी तिथल्याच कचराकुंडीत टाकली.