पावणेबाराची फेरी

एसटीची सकाळची दहाची फेरी घेऊन सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात पोचलो, तर थांब्यावर चिटपाखरू नाही. एरवी इथे साठ-सत्तर पोरं असतात. गाडी वळायच्या आत खिडकीतून दप्तरं आत पडतात, जागा धरण्यावरून भांडणं लागतात, आणि घंटीच्या दोरीला हात पुरत नाही तोवर पाचवीतलं कुणीतरी ती ओढून मोकळं झालेलं असतं. आज पारावर एक बाबा तेवढे बसले होते.

"शाळा सकायनी व्हयनी ना ताई, पोरे गयात."

एप्रिलचा पहिला आठवडा. आमच्या खान्देशात ऊन तापायला लागलं की शाळा सकाळच्या होतात, हे दरसालचंच. सहाची मुक्कामी गाडी पोरांना घेऊन गेली होती, म्हणजे जाण्याची सोय झाली. रिकामी गाडी खाली आणताना माझ्या डोक्यात परतीचा हिशोब सुरू झाला. शाळा साडेअकराला सुटणार. या गावाला जाणारी पुढची गाडी पाच दहाची.

ड्रायव्हर आप्पांना म्हटलं तर ते हसले. "ताई, शाळेनं पत्र दिलं असेल की."

दिलं नव्हतं. वेळ बदलायची तर शाळेने लेटरहेडवर शिक्का मारून आगारात अर्ज द्यायचा, मग वेळापत्रकात बदल होतो. शाळेला वाटलं, एसटीवाल्यांना दरवर्षीचं ठाऊकच आहे. आगाराला वाटलं, पत्र नाही म्हणजे शाळा अकराचीच आहे.

अकरा पस्तीसला स्टँडवर पोरं यायला लागली. आधी सायकलवाल्या मित्रांना सोडून आलेली मुलं, मग मुलींचा घोळका. शेडमधल्या बाकांवर बाजारकरी आधीच बसलेले. पोरं शेडच्या सावलीच्या कडेने एका रांगेत उभी राहिली, सावली जेवढी रुंद तेवढीच रांग. एका मुलीने पाण्याची बाटली उलटी करून टाचेवर आपटली, थेंबही पडला नाही. सकाळी साडेपाचला घरातून निघालेली पोरं ती. डब्यात काय असणार, असला तर.

मी कंट्रोलरच्या खिडकीत गेले. माणूस वाईट नाही, पण त्याच्यापुढे कागद असतो. म्हणाला, "जादा फेरी म्हणजे छत्तीस किलोमीटर. डिझेल कुणाच्या नावावर टाकू? आणि भारमान काय दाखवू?"

त्याचंही खरं होतं. भारमान म्हणजे तिकिटांच्या पैशावरून गाडी किती भरली ते. पोरांच्या फेरीत माझ्या बॅगेत रोख जवळजवळ येतच नाही. बारावीपर्यंतच्या मुलींचा पास मोफत, त्याचे पैसे सरकार भरतं. मुलांना 66.67 टक्के सवलत, तेही पैसे महिन्याच्या सुरुवातीला पासच्या खिडकीवर जमा झालेले. गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि मशीनमध्ये जेमतेम चार तिकिटं.

"मग असं कर," तो म्हणाला, "पाच दहाची रद्द करतो, तीच आत्ता ने. किलोमीटर तेवढेच."

ऐकायला सरळ होतं. पण पाच दहाच्या गाडीत कोण असतं ते मला माहीत आहे. पोरं जास्त दिसतात म्हणून तिला विद्यार्थी फेरी म्हणायचं. तिच्यातच केळीच्या बागेत कामाला आलेल्या बाया असतात, सरकारी दवाखान्यातून सलाईन लावून परतणारी म्हातारी असते, कापडाच्या दुकानातला तो मुलगा असतो. त्यांना कोण सांगणार की आज गाडी पावणेबारालाच गेली?

माझी पुढची फेरी अकरा पन्नासची, तापीकाठच्या गावाची. मीच म्हणाले, "ती उशिरा सोडू. भरदुपारी तिकडे असतं तरी कोण? आठ-दहा माणसं."

कंट्रोलरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि जादा फेरी लिहून सही केली.

आसनं चव्वेचाळीस. मी एकोणसत्तर पोरं मोजली. धाकट्यांना तिघांच्या सीटवर चौघं बसवलं, उभ्या असलेल्यांची दप्तरं बसलेल्यांच्या मांडीवर, उरलेली आप्पांच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर. त्यातलं एक इतकं तापलं की कंपासपेटीतलं खोडरबर मऊ पडलं, ते पोरं पुढे दोन दिवस मला दाखवत होती. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीच्या ट्रकमागे दहा मिनिटं गेली. फाट्यावरून आत वळल्यावर मात्र गाडीत कुणी बोलेना. ती पोरं गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. निम्मी झोपली होती, उभ्या-उभ्यासुद्धा. गावात उतरताना आठवीतला एक म्हणाला, "मावशी, उद्या पण तुम्हीच ना?" मी म्हटलं, "उद्या सरांना पत्र द्यायला सांग."

सरांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन पत्र दिलं, गुरुवारपासून वेळ बदलली. ते सगळं नीट झालं.

पण त्या दिवशी परत येऊन तापीकाठची गाडी सुटली ती एक वीसला. साडेबाराला जी गाडी तिकडून परत निघायची, ती मी तिथे दोन वाजता नेली. थांब्याला शेड नाही, एक बाभूळ आहे, आणि तिची सावली शेतात पडते. सात माणसं होती. सगळ्यात शेवटी एक बाई चढली, कडेवर तापाने सुस्तावलेलं पोर, त्याच्या डोक्यावर ओला पंचा. तो पंचाही आता वाळत आला होता.

ओरडली नाही. मी का उशिरा आले ते आप्पांनी आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, जरा कौतुकानेच.

"पोरेसनी दया उनी तुमले," ती म्हणाली, "आमनी नही उनी?"

मी तिला ड्रायव्हरच्या मागची सीट मोकळी करून दिली, माझ्या बाटलीतलं पाणी त्या पंच्यावर ओतलं. मग कुठे जायचं विचारलं. दवाखाना, म्हणाली. मशीनमधून महिलांचं अर्धं तिकीट काढून तिच्या हातात दिलं आणि डबल बेल मारली.