आईला घेऊन मेट्रोने सीएसएमटी गाठली

आईला पुण्याला सोडायचं होतं, डेक्कन क्वीनचं रिझर्वेशन, गाडी ५:१० ची. अंधेरी पूर्वेहून सामानासकट सीएसएमटी म्हणजे एकतर हार्बरची रखडत जाणारी लोकल नाहीतर दादरला उतरून पूल चढून सेंट्रलला, आणि आईचे गुडघे बघता तो पूल नकोच होता. म्हणून यावेळी मरोळ नाक्यावरून अ‍ॅक्वा लाईन, म्हणजे मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि सीएसएमटी थेट जोडलं गेलं, हे आमच्यासारख्यांसाठी खरंच खूप मोठं काम झालंय.

तिकीट काउंटरवरून कागदी क्यूआरच घेतलं, आईला फोन काढ, अ‍ॅप उघड असं नको. बॅगा स्कॅनरमधून जातात, त्यात थोडा वेळ जातो. प्लॅटफॉर्मवर काचेचे दरवाजे आहेत त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला घेऊन उभं राहताना जीव टांगणीला लागत नाही. पाऊण तास एसीत बसून गेलो, गिरगाव, काळबादेवी अशी नावं आली तसं आई म्हणाली, "या सगळ्या जुन्या चाळींच्या खालून चाललोय का रे आपण?" हो, खालूनच, आणि त्या दाट वस्तीखाली स्टेशनं खोदणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे.

आता खरं महत्त्वाचं. मेट्रो सीएसएमटीला पोचली म्हणजे तुम्ही गाडीपाशी पोचला असं नाही. खोल स्टेशन आहे, वर यायलाच वेळ लागतो, गेट निवडायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा रेल्वेकडे कुठून जायचं आणि लिफ्ट हवी असेल तर तेही लगेच विचारा, कारण चुकीच्या बाजूला निघालात तर सामान घेऊन डी. एन. रोडची ती गर्दी. पुढे हेरिटेज इमारतीच्या बाजूला आधी लागतात ते लोकलचे प्लॅटफॉर्म १ ते ७, मेल-एक्सप्रेसचे ८ ते १८ त्याच्या पलीकडे पी. डिमेलो रोडच्या बाजूला, म्हणजे अजून चालणं आहेच. धडधाकट माणसाला काही वाटणार नाही पण आईबरोबर दोनदा बसावं लागलं. मेट्रोतून उतरल्यावर गाडीपर्यंत निदान अर्धा तास हाताशी ठेवाच.

आणि पुण्याहून येताना सकाळची डेक्कन क्वीन असेल तर काही प्रश्न नाही, पण रात्री उशिरा पोचणारी गाडी असेल तर शेवटची मेट्रो साधारण साडेदहाची धरा, गाडी लेट झाली तर टॅक्सीचाच हिशोब करून निघा.