पट्टा काढला नव्हता

सांधेदुखीच्या रुग्णांची हालचाल मोजणाऱ्या एका अभ्यासात माहितीची छाननी माझ्याकडे होती. प्रत्येकाने कपड्यांच्या आत, कमरेच्या पट्ट्यावर छोटा त्वरणमापक (शरीराची हालचाल टिपणारे यंत्र) सात दिवस बांधायचा, तो फक्त अंघोळीला काढायचा आणि काढल्या-घातल्याची वेळ वहीत लिहायची, अशी आमची पद्धत होती.

त्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंची फाइल समोर आली. संगणकाच्या हिशेबाने त्यांचे दोनच दिवस ग्राह्य होते, आणि आम्हाला किमान दहा तासांचे चार दिवस हवे होते. सलग ६० मिनिटे नोंद शून्य आली की पट्टा अंगावर नव्हता असे धरायचे, हा निकष आम्ही लावला होता. अमेरिकेच्या २००३-०४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील नोंदींनाही तो लावला गेला होता, त्यामुळे त्याविषयी शंका घ्यावी असे मला कधी वाटले नव्हते. फाइल बाद करणार, इतक्यात वहीकडे लक्ष गेले. सातही दिवस सुवाच्य अक्षरात एकच नोंद होती: अंघोळ, वीस-पंचवीस मिनिटे.

मी फोन केला. "पट्टा काढला नव्हता हो. दुपारी गुडघे उचलत नाहीत, मग पडूनच असते," त्या म्हणाल्या आणि लगेच विचारले, "माझं काही चुकलं का?" तो प्रश्न मला फार लागला.

मग मी मूळ नोंदी उघडल्या. यंत्र तिन्ही अक्षांवर सेकंदाला पन्नास वेळा त्वरण टिपते; त्यांचे मिनिटागणिक आकडे करताना अतिमंद आणि अतिसूक्ष्म हालचाल गाळली जाते, आणि मी आजवर केवळ ते गाळलेले आकडेच पाहत आलो होतो. टेबलावर ठेवलेल्या यंत्राची रेघ गुरुत्वाकर्षणाच्या पातळीवर सपाट राहते, तिच्यात असते ती केवळ संवेदकाची बारीक थरथर. या बाईंची दुपारची रेघ मात्र संथपणे वरखाली होत होती. एका मिनिटात सोळा लाटा मोजल्या. तो त्यांचा श्वास होता. यंत्रातल्या तापमानाच्या नोंदीनेही तेच सांगितले: दुपारभर ३२ अंशांच्या आसपास, अंघोळीच्या वेळी स्पष्ट उतार आणि नंतर पुन्हा चढ.

बाद झालेल्या इतर फाइली तपासल्या, तेव्हा आणखी काहींची तीच गत दिसली. निरोगी, हिंडत्याफिरत्या माणसांसाठी हा निकष बहुधा पुरतो. पण ज्यांना हलताच येत नाही अशांनाच तो वगळतो, आणि उरलेल्यांच्या सरासरीवरून सारा गट प्रत्यक्षापेक्षा अधिक चालता-फिरता भासतो. दुखण्याचा सर्वाधिक भार वाहणाऱ्यांसाठीच तर हा अभ्यास होता!

संध्याकाळी प्रमुखांसमोर दोन्ही आलेख ठेवले. शून्यांची मर्यादा ९० मिनिटांवर नेऊन, तापमान आणि वही यांच्याशी पडताळल्याशिवाय कोणताही दिवस बाद करायचा नाही, असे ठरले. तिसऱ्या दिवशी बाईंना पुन्हा फोन केला आणि त्यांचे सातही दिवस मोजणीत आले असल्याचे कळवले.